पाचवा रकाना

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो. सोळा घड्यांचा, कडा झिजलेला. कीटकनाशकाच्या बाटलीच्या गळ्याला रबरानं बांधलेलं माहितीपत्रक असतं ना, ते मी. तुम्ही मला कितीदा तरी पाहिलं असेल आणि एकदाही वाचलं नसेल. हे मी रागानं सांगत नाही हो. मी रागावणाऱ्यातला नाहीच मुळी. मी भित्रा आहे. जन्मापासून भित्रा, आणि का ते ऐकलंत म्हणजे तुम्हीसुद्धा म्हणाल, बरोबर आहे बिचाऱ्याचं.

माझा जन्म दूरच्या एका छापखान्यात झाला. यंत्र धडधडत होतं आणि आम्ही भाऊ एकामागून एक बाहेर पडत होतो. एकेकाच्या अंगावर आठ आठ भाषा! अक्षरं मुंगीएवढी. मराठी सगळ्यांत शेवटी, घडीच्या अगदी आत. शाई वाळता वाळता मी स्वतःला पहिल्यांदा वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली. वर पाच रकान्यांचा एक तक्ता होता: पीक, कीड, औषधाचं प्रमाण, पाणी आणि शेवटी ‘प्रतीक्षा कालावधी’. खाली एक चौकट होती: ‘विषबाधा झाल्यास’. त्या चौकटीत काय काय होतं म्हणून सांगू? मळमळ, उलटी, गरगरणं, तोंडाला लाळ सुटणं, श्वास अडकणं. अरे देवा, एवढं सगळं माझ्या पोटात, आणि मला तोंड नाही! मग भिऊ नको तर काय करू?

छापखान्यातून मी बाटलीच्या गळ्यात आलो आणि बाटलीबरोबर जानेफळच्या एका कृषी केंद्राच्या फळीवर. तिथे मी दोन महिने होतो. माझ्या भावांचं पुढे काय होतं ते मला फळीवरूनच दिसे. एकाची दुकानातच तंबाखूची पुडी झाली. एकावर कुणीतरी मोबाइलचा नंबर लिहिला, तेवढाच तुकडा फाडून घेतला आणि बाकीचा नालीत टाकला. एक भाऊ बाटली उघडता उघडता सुटला आणि रस्त्यावरच्या चिखलात चाकाखाली गेला. कुणी वाचलेला असा एकही भाऊ मी पाहिला नाही.

एके दिवशी उकंडराव आले. उकंडराव म्हणजे जानेफळजवळच्याच एका खेड्यातले भाजीपाला पिकवणारे शेतकरी. साठी उलटलेली, पण अजून फवारणीची टाकी पाठीवर घेऊन अर्धा दिवस चालणारे. मुलगा शेगावला एका लॉजवर कामाला, म्हणून शेत ते आणि त्यांची सून शालूबाई असे दोघंच पाहत. त्या वर्षी त्यांची काकडी अशी काही फुलली होती की विचारू नका, आणि नेमके तिच्यावर तुडतुडे पडले होते.

“किती टाकू एका टाकीले?” त्यांनी दुकानात विचारलं.

“टाका दोन झाकणं. लयच असतीन त तीन टाका,” दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहत म्हणाला.

झाकणं! माझ्या तिसऱ्या रकान्यात एका टाकीला पंधरा मिली असं स्पष्ट लिहिलं होतं. मी बाटलीच्या गळ्यात जोरजोरात फडफडलो. पण दुकानात पंखा चालू होता, त्यामुळे कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही.

घरी आल्यावर उकंडरावांनी माझं रबर तेवढं काढून खिशात ठेवलं, कारण रबर कामाचं असतं, आणि मला गुरांच्या कोठ्यातल्या कुडाच्या फटीत खोचून दिलं. तिथून मी त्यांच्या दोन फवारण्या पाहिल्या. दोन दोन झाकणं, तोंड उघडं, हात उघडे. दोन्ही वेळा ते दुपारी डोकं धरून बाजेवर आडवे झाले.

“पित्त खवळलं वाट्टे, मामाजी,” असं म्हणून शालूबाईंनी त्यांना आल्याचा रस दिला. पित्त नव्हतं हो ते! मला ठाऊक होतं काय आहे ते. पण फटीत अडकून थरथरण्यापलीकडे मी काय करणार होतो?

त्याच सुमारास गावच्या शाळेत संजीवनी मॅडम आल्या. त्या मूळच्या बीबी गावच्या, सातवीला मराठी शिकवायला आलेल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की पोरं वाचतात खडाखड, पण ‘काय वाचलंस ते सांग’ म्हटलं की अख्खा धडा पुन्हा वाचून दाखवतात. तेव्हा त्यांनी मुलांना खुणा करत वाचायला आणि वाचलेलं थोडक्यात सांगायला शिकवायचं ठरवलं. पण खुणा करायच्या कशावर? शाळेची पुस्तकं वर्षाअखेर परत द्यायची, खालच्या वर्गासाठी. त्यांवर पेन्सिल टेकवायची म्हटलं तरी मुलांचा जीव घाबरा होई.

“मग घरातला असा एक कागद आणा,” मॅडम म्हणाल्या, “जो घरात कुणीच वाचलेला नाही.”

काजल उकंडरावांची नात. सातवीत, हुशार आणि तेवढीच मानी. तिनं घर पालथं घातलं आणि शेवटी कोठ्यात येऊन मला फटीतून ओढून काढलं.

“माय, हा कागद कोनी वाचला काय?”

“तो कायले वाचतीन कोनी?” शालूबाई म्हणाल्या. “बाटलीसंग फुकट येते तो.”

झालं, मी शाळेत गेलो.

वर्गात कागदांची जत्राच भरली होती. गोळ्यांच्या खोक्यातले कागद, बियाण्यांच्या पिशव्या, विजेच्या बिलाची मागची बाजू, आणि एका मुलीनं तर शिलाई मशीनबरोबर आलेलं चोपडं आणलं होतं. मॅडमनी फळ्यावर चार खुणा काढल्या. “महत्त्वाचं असेल त्याच्याखाली रेघ. आकडा आला की गोल. कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. आणि बाजूच्या कोऱ्या समासात तुमचा स्वतःचा एक शब्द. मॅडमचा नाही, पुस्तकातला नाही, तुमचा.”

काजलनं विज्ञानाच्या कपाटातलं भिंग मागून आणलं आणि पेन्सिलीला टोक केलं. ते टोक माझ्याकडे येताना पाहून मी किती भ्यालो असेन! पण त्याहून मोठी भीती एका तासानं वाटली, कारण तिनं माझ्या एकूणएक वाक्याखाली रेघ मारून ठेवली होती. एक शब्द मोकळा सोडला नव्हता.

मॅडम हसल्या. “अगं, वर्गातल्या सगळ्यांनाच पहिला नंबर दिला तर हुशार कोण हे कळणार कसं? खोड ते. आणि असा विचार कर, तुझे आबा शेतात उभे आहेत, हातात बाटली आहे. त्यांना यातलं काय लागेल?”

खोडरबरानं माझी पाठ सोलून निघाली, पण दुसऱ्यांदा तिनं मला वाचलं ते खरं वाचणं. पंधरा मिलीभोवती गोल आला. समासात तिनं लिहिलं, ‘झाकण नाही!’ खालच्या चौकटीत उपचाराच्या ओळीखाली जाड रेघ आली. त्या दिवशी मला आयुष्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मग तिचं भिंग तक्त्याच्या कडेला सरकलं, पाचव्या रकान्यावर. ‘प्रतीक्षा कालावधी (दिवस)’, आणि काकडीच्या ओळीत, ‘७’. काजल थांबली. तिनं ते दोनदा वाचलं. मग त्याच्याशेजारी एक प्रश्नचिन्ह काढलं, अगदी बारीक, कुणाला दिसू नये असं.

“कुणाचं काही अडलंय का?” मॅडमनी विचारलं.

पाचसात हात वर झाले. काजलचाही हात बाकावरून उचलला गेला आणि अर्ध्यातून खाली आला. सगळ्यांत अवघड कागद तिचा, सगळ्यांत बारीक अक्षरं तिची, अर्धा वर्ग मघापासून तिच्याकडे कौतुकानं पाहत होता. आता आपल्यालाच अडलंय असं कसं सांगायचं? नंतर विचारू, असं तिनं ठरवलं. नंतर म्हणजे कधी गं, बाई?

मग आला सारांश. मॅडमचा नियम असा की चारच ओळी, आणि तोंडानं सांगता येतील अशा. काजलनं चार ओळी लिहिल्या. तुडतुडे, मावा दिसले तरच फवारायचं. एका टाकीला पंधरा मिली, मापानं घ्यायचं. सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून. झाल्यावर साबणानं हात धुवायचे, कपडे बदलायचे. अशा नेटक्या ओळी की मॅडमनी त्या वर्गात वाचून दाखवल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या रकान्याचा त्यात पत्ताच नव्हता. मुलं जे कळलं तेच लिहितात, मित्रांनो. जे कळत नाही ते आपसूक गळून पडतं, आणि गळलं हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

घरी काजलनं त्या चार ओळी आबांना वाचून दाखवल्या. उकंडराव आधी हसले आणि मग चिडले.

“काय व, तीस वर्ष झाले मी फवारून राह्यलो, अन् तू मले शिकोतं?”

“मी नाई शिकवत, आबा. कागद सांगते. झाकणात किती मावते ते त पाह्यू!”

तिनं माप आणलं आणि झाकणात पाणी भरून मोजलं. एका झाकणात पंचवीस मिली. दोन झाकणं म्हणजे पन्नास! उकंडराव बाजेवर बसले. शालूबाईंनी पदर तोंडाशी नेला.

“म्हंजे माहं डोकं दुखे, ते पित्त नव्हतं त,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून काजलच्या चार ओळी कोठ्याच्या दारावर खळीनं चिकटवल्या गेल्या. येईल त्याला उकंडराव दारासमोर उभं करत. “माह्या नातीनं लिवलं. एवढ्या मोठ्या कागदाचा अर्क काढला पोरीनं!” आणि मी? अर्क निघाल्यावर कागद कोण विचारतो? मी घडी होऊन काजलच्या वहीत गेलो. प्रश्नचिन्ह आतल्या घडीत दडपलं गेलं आणि माझी भीती पुन्हा सुरू झाली. खरं तर आता ती जास्त होती. आधी मला कुणीच वाचलं नव्हतं. आता सगळ्यांना वाटत होतं की मला वाचून झालंय.

श्रावण संपत आला होता. सोमवारी उकंडरावांनी काकडीवर फवारलं, आणि काय सांगू, अगदी दारावरच्या ओळींप्रमाणे. मापानं औषध, तोंडाला फडकं, वाऱ्याकडे पाठ. डोकं दुखलं नाही. “बरं हाये व तुह्यं वाचन,” असं म्हणून त्यांनी काजलची पाठ थोपटली.

गुरुवारी अंबूबाईंची तिथी होती. अंबूबाई म्हणजे उकंडरावांची बायको, चार वर्षांपूर्वी गेलेली. ती शाळेत खिचडी शिजवायची आणि जाताना घरच्या काकड्या मुलांसाठी ओटीत न्यायची. म्हणून तिच्या तिथीला उकंडराव दरवर्षी शाळेतल्या सगळ्या लेकरांना जेवण देत, आणि त्यात काकडीची कोशिंबीर हवीच. आदल्या वर्षी नेमकी एक काकडी कडू निघाली होती. अख्खी बादली वाया गेली, पोरं थू थू करत उठली आणि उकंडरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

गुरुवारी सकाळी काजलचं दप्तर अंगणातल्या खुंटीला होतं आणि दप्तरातल्या वहीत मी होतो. उकंडराव टोपली घेऊन निघाले आणि कोठ्याच्या दारासमोर थबकले.

“काजल, वाच बरं एकडाव. काकडी तोडाचं काही लिवलं हाये काय त्याच्यात?”

काजलनं चारही ओळी वाचल्या. “नाई, आबा. तोडाचं काही नाई.”

“मंग झालं. तीन दिवस झाले, वास बी नाई राह्यला.”

आमच्याकडे हाच हिशेब असतो. वास गेला की औषध गेलं. मी वहीत ओरडलो, अरे, मला उघडा! पाचवा रकाना पाहा! पण कागदाचं ओरडणं कोण ऐकतं? दोन टोपल्या काकड्या शेतातून आल्या, कोवळ्या, हिरव्यागार, दव लागलेल्या. दोन पाण्यानं धुऊन त्या शाळेकडे निघाल्या, आणि मी त्यांच्या मागोमाग, काजलच्या पाठीवर.

शाळेच्या व्हरांड्यात गीताबाई, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकीण, पुऱ्या तळत होत्या. शालूबाई विळी घेऊन काकड्या चिरायला बसल्या. उकंडराव धुतलेली टोपी घालून फाटकात उभे होते. वर्गात खमंग वास येत होता आणि पोरांचं लक्ष लागत नव्हतं. मॅडमनी टेबलावर डस्टर आपटलं.

“जेवणाआधी एकच काम. सारांश झाला म्हणजे वाचून झालं असं नाही. मूळ कागद बाहेर काढा, सारांश शेजारी ठेवा आणि एकेका खुणेवर बोट ठेवून पाहा. कुणाचं प्रश्नचिन्ह तसंच राहिलंय?”

काजलनं मला उघडलं, जरा कंटाळतच. तिचं काम तर कधीच झालं होतं, टाळ्यासुद्धा मिळाल्या होत्या. तिचं बोट पहिल्या रेघेवरून गोलावर आलं, गोलावरून समासावर, आणि मग शेवटच्या घडीत जाऊन थांबलं. त्या बारीक प्रश्नचिन्हाकडे ती पाहतच राहिली. या वेळी तिचा हात अर्ध्यातून खाली आला नाही.

“मॅडम, प्रतीक्षा कालावधी म्हंजे काय जी?”

“कशावर लिहिलंय? हं, फवारणीचा कागद. म्हणजे फवारल्यानंतर इतके दिवस थांबायचं. त्याआधी पीक तोडायचं नाही आणि खायचं नाही.”

काजलनं बाकाखाली बोटं मोजली. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार बोटांवर ती थांबली. तिनं हात माझ्यावर दाबून धरला. बाहेर जेवणाची घंटा झाली. पोरं धूम पळाली. काजल बसूनच होती. सांगायचं म्हणजे कुणाला? सगळ्या गावासमोर, टोपी घालून उभ्या असलेल्या आबांना? आजीच्या नावाच्या जेवणात विष आहे, असं? आणि ते कुणामुळे, हेही सांगायचं? मी तिच्या तळव्याखाली चुरगळत होतो. बोल गं पोरी, बोल!

“मॅडम,” ती म्हणाली, “काकड्या सोमवारीच फवारल्या.”

दोघी धावत सुटल्या, आणि मी काजलच्या मुठीत.

व्हरांड्यात पंगत बसली होती. ताटं वाढून झाली होती आणि गीताबाई कोशिंबिरीची बादली उचलून पहिल्या ताटाशी वाकत होत्या.

“थांबा! काकडी नका वाढू!” काजल ओरडली.

सगळी पंगत तिच्याकडे वळली. उकंडराव ताडताड चालत आले. “काय बडबडून राह्यली तू? आजीच्या नावाचं जेवन हाये हे!”

“आबा, सात दिवस तोडाची नव्हती. कागदावर हाये. म्या लिवलंच नाई.” तिला रडू कोसळलं. “मले समजलं नव्हतं, म्हनून सोडून देलं.”

“धुतल्या त्या! दोन पान्यानं धुतल्या. मी काय लेकरायले जहर खाऊ घालतो?”

“धुऊन जात असतं, तर सात दिवस कशाला लिहिले असते, बाबा?” मॅडम हळूच म्हणाल्या आणि त्यांनी मला मोठ्यानं वाचलं. काकडी. सात दिवस. उकंडरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकरांकडे. मग त्यांनी स्वतः गीताबाईंच्या हातातून बादली घेतली आणि ते ती उचलून दूर नेऊ लागले. एकाही ताटात काकडी पडली नव्हती. सुटलो, असं मला वाटलं. खरंच वाटलं, मित्रांनो.

तेवढ्यात काजलची नजर खांबाकडे गेली. खांबाला टेकून शालूबाई बसल्या होत्या. पुढ्यात विळी, आणि विळीजवळ काकड्यांच्या कापलेल्या शेंड्यांचा ढीग. एकेका शेंड्याचा तुकडा दातांनी तोडलेला होता.

“माय, तू चाखल्या?”

“एकूनेक चाखली व,” शालूबाई म्हणाल्या. “औंदा एक बी कडू जाऊ देली नाई.” हे सांगताना त्या हसल्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. “जराशी मळमळ होऊन राह्यली. गुरुवारचा उपास हाये, म्हनून असंन.”

उपाशी पोटी! शेंडे चाळीस तरी होते. माझ्या खालच्या चौकटीतले शब्द एकेक करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मळमळ. लाळ. त्यापुढचं मला आठवायचंही नव्हतं.

मॅडमनी स्कूटी काढली. शालूबाईंना मध्ये बसवलं आणि मागून काजलनं त्यांना घट्ट धरलं. उकंडराव कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे निघाले. जानेफळच्या सरकारी दवाखान्याचा तो रस्ता मला आजही आठवला की अंगावर काटा येतो. शालूबाईंची मान पुन्हा पुन्हा खांद्यावर कलत होती आणि काजल एकच शब्द म्हणत होती, “माय. माय व. माय.”

“काय फवारलं होतं?” डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला.

“ते... पिवळ्या बाटलीतलं,” उकंडराव म्हणाले.

“नाव काय औषधाचं?”

उकंडराव मॅडमकडे पाहू लागले, मॅडम काजलकडे. काजलनं मूठ उघडली. घामानं भिजलेला मी तिच्या तळव्याला चिकटलो होतो. डॉक्टरीणबाईंनी मला अलगद सोडवून टेबलावर उलगडलं. मुंगीएवढी आठ भाषांतली अक्षरं, आणि तीही ओली. पण त्यांना शोधावं लागलं नाही. त्यांची नजर सरळ गेली ती जाड रेघेवर, उपचाराच्या ओळीवर. ती वाचून त्यांनी नर्सला भराभर सूचना दिल्या.

“ही रेघ कुणी मारली?” सुई भरता भरता त्यांनी विचारलं. काजलनं मान खाली घातली. “बरं झालं मारली. कागद नसता तर मला अंदाजानं चालावं लागलं असतं.”

मग वाट पाहणं सुरू झालं. मी टेबलावरून पाहत होतो. शालूबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि काजल त्यांच्या छातीकडे टक लावून उभी होती. श्वास वर गेला, खाली आला, की मग ती स्वतःचा श्वास घ्यायची. एकदा उलटी झाली. एकदा त्या कितीतरी वेळ हलल्याच नाहीत. उकंडराव दाराशी उकिडवे बसले होते. त्यांची टोपी हातात होती आणि ती त्यांनी पिळून पिळून चिंधी करून टाकली होती.

“चूक तुही नोहे, पोरी,” ते मध्येच म्हणाले. “त्या कागदाले फटीत कोंबनारा मीच.” तिचं लक्ष श्वासाकडे होतं.

दिवस कलला तेव्हा शालूबाईंनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लेकरं जेवले काय व?”

“हाव, माय,” काजल म्हणाली. “सगळे जेवले.” आणि तिनं आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

घरी निघताना डॉक्टरीणबाईंनी मला काजलच्या हातात परत दिलं. ती बाहेरच्या बाकावर बसली. दप्तरातून पेन्सिल काढली, माझी शेवटची घडी उलगडली. प्रश्नचिन्ह खोडेल असं मला वाटलं, पण तिनं ते खोडलं नाही. त्याच्यापुढच्या समासात तिनं स्वतःचा एक शब्द लिहिला: ‘माय’.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोपल्यांतल्या काकड्या खड्डा करून पुरल्या. कोठ्याच्या दारावर पाचवी ओळ आली, ती उकंडरावांच्या स्वतःच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत: ‘ह्या चार ओळीवर जाऊ नका, कागद मांगा.’ गावातली माणसं आता कृषी केंद्रात गेली की बाटलीआधी कागद उलगडतात असं ऐकतो. सगळी नाही उलगडत. काही उलगडतात.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी आता प्लास्टिकच्या वेष्टनात शाळेत असतो. दर वर्षी सातवीची नवी मुलं मला हातात घेतात, आणि दर वर्षी मॅडम एकच सांगतात, आधी प्रश्नचिन्ह सोडवा, मग सारांश लिहा. मित्रांनो, माझंही तुम्हाला तेवढंच मागणं आहे. उद्या माझा एखादा भाऊ तुमच्या घरी येईल, बाटलीला बांधलेला किंवा गोळ्यांच्या खोक्यात दुमडलेला. त्याला उलगडा. त्याच्या अंगावर बिनधास्त रेघा मारा, त्याला दुखत नाही. आणि जे कळलं नाही तिथे लाजून पुढे जाऊ नका. मी अजून भित्राच आहे. फळीवर माझे भाऊ टांगलेले आहेत आणि आत्ता, या क्षणी कुणीतरी विचारत असेल, “किती टाकू?”

पेन्सिलीच्या खुणा त्या, पुसट होत चालल्या आहेत. मॅडम मला वेष्टनातून काढतात तेव्हा मुलं रेघा आणि गोल पुन्हा गडद करतात. फक्त समासातल्या त्या एका शब्दाला कुणी हात लावत नाही. काजल आता दहावीत आहे. दर श्रावणात आजीच्या तिथीला ती शाळेत येते आणि तो शब्द स्वतः गिरवून जाते.